आधी फोटो, मग कॉम्प्युटर

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो, वय ७१. घरी २०१७ चा ब्रँडेड डेस्कटॉप आहे, दोन वर्षांपूर्वी त्यात २४० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवून विंडोज १० नव्याने टाकून घेतलं, जुनी १ टीबीची हार्ड डिस्क आतच राहू दिली, तीच डी ड्राइव्ह. मागच्या आठवड्यात पावसात रात्रभर लाईट नव्हती. सकाळी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर तारीख-वेळ सेट नाही, एफ १ दाबा असं आलं, दाबलं तर निळी स्क्रीन, इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, मग बंद होऊन परत चालू, दोन-तीनदा असं झालं की ऑटोमॅटिक रिपेअर येतं आणि पुन्हा तेच चक्र. दुकानातला मुलगा बघून गेला, म्हणाला, "अंकल, हार्ड डिस्क उड़ गई, फॉर्मेट मारना पड़ेगा, डेटा नहीं बचेगा." त्या डी ड्राइव्हवर आमच्या मंडळाच्या गणपतीचे पंधरा वर्षांचे फोटो आहेत आणि बायकोने म्हटलेली भजनं आहेत, ती तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा पुण्याला, फोनवर त्याला काही सांगता येत नाही. काय करू?

उत्तर : काका, नमस्कार. सगळ्यात आधी दुकानातल्या त्या मुलाला फोन करून सांगा की फॉर्मेट करायचं नाही, येऊ नकोस. बाकीचं सगळं नंतर.

हे मी एवढ्या घाईने सांगतेय कारण आमच्याच घरात हे झालंय. बाबांचा कॉम्प्युटर असाच चालू होत नव्हता, एकाने येऊन अर्ध्या तासात फॉर्मेट करून दिला, मशीन एकदम फर्स्ट क्लास चालायला लागलं आणि आजीचे सगळे फोटो गेले. आम्ही त्याला विचारलं पण नव्हतं की तू नक्की काय करणार आहेस. त्यामुळे कोणी फॉर्मेट शब्द काढला की मी आधी विचारते, डेटा कुठे आहे आणि त्याची दुसरी कॉपी आहे का.

आता तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे. विंडोज आहे एसएसडीवर आणि फोटो-भजनं आहेत डी ड्राइव्हवर, म्हणजे वेगळ्या डिस्कवर. विंडोज चालू होत नाही याचा अर्थ डी ड्राइव्ह गेली असा होतच नाही. शिवाय ऑटोमॅटिक रिपेअरची स्क्रीन येते ती कुठून येते? ती पण डिस्कवरच असते, म्हणजे मशीन एसएसडी वाचतंय. डिस्क खरंच पूर्ण मेली असती तर बूट डिव्हाइस सापडत नाही असं काहीतरी काळ्या स्क्रीनवर येऊन गाडी तिथेच थांबली असती, निळ्या स्क्रीनपर्यंत पोचलीच नसती.

मला खरा संशय आहे तो एका छोट्या सेलचा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावर, रुपयाच्या नाण्यासारखा एक गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि त्याच्याच जोरावर बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅमची, सेटिंग टिकतात. गंमत अशी की भिंतीवरचं बटण चालू असेल तर बोर्डाला एसएमपीएसकडून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडून, ५ व्होल्टचा थोडा करंट मिळत राहतो, मग सेलवर भार येत नाही, सेल मेलेला असला तरी कळत नाही. पण आपल्याकडे सवय काय, काम झालं की भिंतीवरचं बटण बंद, त्यामुळे सेल रोज झिजतो आणि आठ-नऊ वर्षांत संपतो. ज्या रात्री तुमच्याकडे लाईट गेली त्या रात्री त्याचा शेवटचा दम संपला असणार. म्हणूनच तारीख-वेळ सेट नाही असं आलं.

मग निळी स्क्रीन का? इथे ती दोन वर्षांपूर्वीची एसएसडी येते. डिस्कशी कसं बोलायचं याचं एक सेटिंग बायोसमध्ये असतं, साटा मोड किंवा साटा ऑपरेशन नावाने, त्यात एएचसीआय, रेड, जुन्या बोर्डात आयडीई असे पर्याय असतात. काही ब्रँडेड मशीन कंपनीतूनच रेडवर येतात, आणि विंडोज नव्याने टाकणारे बरेच जण ते एएचसीआयवर करतात. तुमच्याकडे तसंच झालं असेल. आता सेल संपला, बायोस सगळं विसरलं आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर गेलं, आणि एएचसीआयवर टाकलेलं विंडोज रेडवर उठायला लागलं की नेमकी हीच निळी स्क्रीन देतं. दार तेच, कुलूप बदललं, एवढंच.

तर आधी सेल बदला. मेडिकलच्या, घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलपर्यंत जायची सुद्धा गरज नाही. नंबर नीट बघून घ्या, सीआर२०३२च, २०२५ दिसायला तसाच असतो पण पातळ असतो आणि ढिला बसतो. भिंतीवरचं बटण बंद, पिन काढून टाका, मग सीपीयूचं चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो. मागच्या बाजूचे स्क्रू काढा, पत्रा मागे सरकवून बाजूला घ्या, डबा टेबलावर आडवा ठेवा. आत हात घालायच्या आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज तिथे जाते. धूळ भरपूर असेल, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात, कोरडा मऊ ब्रश फिरवा. सेल चमकतो, लगेच दिसतो, वरच्या बाजूला अधिकचं चिन्ह असतं. त्याच्या कडेला एक छोटी पत्र्याची जीभ असते, ती नखाने किंवा आगपेटीच्या काडीने बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल टुणकन वर येतो. नवा बसवताना अधिकची बाजू वर, आणि कट असा आवाज येईपर्यंत दाबा. लोखंडी पेचकस तिथे घालू नका, घसरला तर बोर्डावर ओरखडा जाईल. आणि तो पंख्यावाला एसएमपीएसचा डबा कधीच उघडायचा नाही, पिन काढली तरी त्यात बराच वेळ चार्ज राहतो.

एक गोष्ट मधेच सांगते, घरी नातवंडं येत असतील तर काढलेला सेल टेबलावर सोडू नका. पोराने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. चिकटपट्टीत गुंडाळून ठेवा.

मग मशीन चालू करून बायोसमध्ये जा. चालू होताच स्क्रीनच्या कोपऱ्यात कोणतं बटण दाबायचं ते लिहिलेलं असतं, बहुतेक एफ २ किंवा डिलीट, ते हळूहळू दाबत राहा. आत गेल्यावर पहिल्यांदा डिस्कची यादी बघा. एसएसडी आणि १ टीबी दोन्हींची नावं दिसली ना काका, की निवांत एक कप चहा घ्या, कारण नाव दिसतंय म्हणजे डिस्क निदान बोलतेय. तारीख-वेळ बरोबर करा, मग साटा मोड शोधा, काय लिहिलंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा, रेड असेल तर एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर या. प्रत्येक डिस्क एकेकटी चालते अशा साध्या घरगुती मशीनमध्ये हे सेटिंग बदलल्याने डेटा पुसला जात नाही, फार तर विंडोज उठणार नाही, तेव्हा परत आधीसारखं करायचं. माझा अंदाज आहे की तुमचं उठेल.

नाही उठलं तर? ऑटोमॅटिक रिपेअरच्या स्क्रीनवर "रीसेट धिस पीसी" असं एक बटण असतं, त्याला हात लावू नका. ओळखीच्या कोणत्याही कॉलेजच्या पोराला सांगा की ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट सिस्टीम, टाकून आण, आणि चालू करताना इन्स्टॉल नको, फक्त ट्राय कर. पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर उठतो, डिस्कवर काही लिहीत नाही, आणि डी ड्राइव्हचे फोल्डर समोर दिसतात, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्यायचे. किंवा डिस्क काढून साटा ते यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पण मोठी साडेतीन इंची डिस्क असेल तर वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरतच नाही आणि मग लोक म्हणतात डिस्क मेली. जोडल्यावर विंडोजने "फॉर्मेट करू का" विचारलं तर नाही म्हणायचं. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, ते मग फक्त डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्यायचं.

भजनांची कॉपी सगळ्यात आधी करा, फोटोंच्या आधी. गणपतीचे फोटो मंडळातल्या इतरांकडे पण असतील, तो आवाज फक्त तुमच्याकडे आहे. एक कॉपी पेन ड्राइव्हवर आणि एक पुण्याला मुलाकडे पाठवा.

विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तर पुढे काय करायचं हा प्रश्न आहेच, पण तो कॉपी झाल्यावर. तेव्हा परत लिहा, मशीनचा प्रोसेसर कोणता ते कळवा.

प्रश्न : सुदामानगर, इंदूर. कॉलेजला आहे. सीपीयू चालू केला की पंखा फिरतो, लाईट लागते पण स्क्रीन काळी, आणि आतून सारखं बीप बीप. मॉनिटर दुसरा लावून बघितला, तेच.

उत्तर : पहिला संशय रॅमवर, म्हणजे बोर्डावरच्या मेमरीच्या पट्टीवर घे. बीपचा अर्थ प्रत्येक बायोसमध्ये वेगळा असतो, म्हणून आकडे मोजत बसण्यापेक्षा करून बघणं लवकर होतं. पिन काढ, रॅमच्या दोन्ही बाजूच्या खिट्ट्या उघड, काढ, सोनेरी पट्टी पेन्सिलच्या खोडरबरने हलक्या हाताने घास, कचरा झटक, परत बसव, दोन्ही खिट्ट्या आपोआप कट करून बंद झाल्या पाहिजेत. पावसाळ्यात ओलाव्याने त्या पट्टीवर थर येतो आणि बरेचदा एवढ्यानेच काम होतं. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघ, खांचा पण बदलून बघ. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला आहे ना तेही बघ, बोर्डाला लावली असेल तर स्क्रीन काळीच राहील. आणि लगेच नवी रॅम घेऊ नकोस, आधी मित्राची लावून बघ.

प्रश्न : मी विजयनगरला घरून मसाल्यांचं काम करते, सगळ्या ऑर्डर आणि हिशेब लॅपटॉपवर. अपडेट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय, ४८ आकडी. मी असं काही ठेवलेलंच नाही. दुकानदार म्हणतो तोडून देतो.

उत्तर : ताई, ती की कोणी तोडून देऊ शकत नाही, त्याच्याकडे एकच उपाय असतो, पुसून नव्याने विंडोज टाकणं, मग तुमचा हिशेब गेलाच. तुम्ही ठेवलेली नसली तरी ती बहुतेक आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्कला बिटलॉकरचं कुलूप बरेचदा आपोआप लागतं आणि किल्ली त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडा, त्याच ईमेलने, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप शोधा, तिथे बिटलॉकर रिकव्हरी की दिसेल. दोन-तीन दिसल्या तर गोंधळू नका, निळ्या स्क्रीनवर की आयडी लिहिलेला असतो, त्याची पहिली ८ अक्षरं जुळतात तीच तुमची. लॅपटॉप घेतला तेव्हा सेटअप भावाने किंवा मुलाने करून दिला असेल तर त्याचं अकाउंट बघायला सांगा, माझ्याकडे आलेल्या अशा तीन पत्रांपैकी दोघींची की नवऱ्याच्या अकाउंटमध्ये निघाली. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात, सावकाश टाका, बाजूला कोणाला तरी वाचून दाखवायला बसवा. आत गेलात की त्याच दिवशी हिशेबाची फाइल बाहेर काढून ठेवा, आणि की कागदावर लिहून रेशन कार्ड ठेवता त्या पिशवीत ठेवा.