वाचकांचे प्रश्न : बूस्ट ग्लायडर का उलटतो?

बूस्ट ग्लायडर हे रॉकेटच्या मोटारीवर सरळ वर जाणारं आणि मोटार गळून पडली की विमानासारखं तरंगत उतरणारं मॉडेल. त्याच्या किटबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार एकाच गोष्टीची आहे, वर जाता जाता उलटण्याची. म्हणून त्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : किटमध्ये मोटारीची नळी ग्लायडरच्या खाचेत नुसती सरकवून ठेवायची असं दिलंय. ती लगेच निसटते. फेविकॉल लावून पक्की केली तर चालेल का? (विज्ञान शिक्षक, खानापूर)

नका लावू. ती नळी म्हणजे पॉड, आणि ती सुटण्यासाठीच आहे. या किटला साधारणपणे १८ मिलिमीटर जाडीची, ७० मिलिमीटर लांबीची मोटार लागते. तिच्यावर 'बी६-४' असं छापलेलं असेल तर 'बी' म्हणजे एकूण आवेग २.५ ते ५ न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी जोर ६ न्यूटन, आणि ४ म्हणजे जळण संपल्यावर ४ सेकंदांनी पुढच्या बाजूला होणारा छोटा स्फोट. मुख्य दारू एका सेकंदाच्या आत जळून जाते. त्या ४ सेकंदांत मॉडेल आपल्या वेगावर वर चढत राहतं आणि माथ्यावर पोचलं की तो छोटा स्फोट पॉडचं टोक पुढे उडवतो. त्या धक्क्याने पॉड मागे सरकून खाचेतून निघतो आणि आत गुंडाळून ठेवलेली फीत बाहेर येऊन तिला लटकून वेगळा खाली येतो. पॉड चिकटवला तर ग्लायडर नाकात जड राहील आणि मुंडी खाली घालून थेट जमिनीत घुसेल.

वर जाताना पॉडला जागेवर धरतो तो मोटारीचा जोरच. पॉड पुढे ढकलतो, पॉडचा आकडा ग्लायडरच्या खाचेत रुततो. त्यामुळे बसवणूक सैलच हवी. मोटार घातलेला पॉड बसवा आणि ग्लायडर नाक वर करून हातात धरा. पॉड आपल्या वजनाने खाली घसरला पाहिजे. डावी-उजवीकडे मात्र तो डुलता कामा नये. अडकत असेल तर खाचेतला सुकलेला फेविकॉल ब्लेडने खरवडा, ४०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा आणि मेणबत्ती घासा.

मोटार मात्र पॉडमध्ये घट्ट हवी. पॉडला धातूची पकड नसेल तर मोटारीला मास्किंग टेपचे एक-दोन वेढे देऊन ती जोर लावून आत सारा. मोटार ढिली असेल तर स्फोटाने एकटी मोटारच मागे उडून जाते, पॉड ग्लायडरवर तसाच राहतो, आणि मग परिणाम चिकटवल्यासारखाच.

प्रश्न : हाताने सोडलं की छान तरंगतंय. मोटारीवर सोडलं की पंधरा-वीस मीटरवर कोलांटी मारून खाली येतंय. मोटार जास्त ताकदीची झाली काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव)

मोटार बदलण्याआधी पंख बघा. हाताने सोडलेला ग्लायडर सेकंदाला ४ ते ५ मीटर जातो. मोटारीवर तोच ४० ते ५० मीटरपर्यंत पोचतो. वेग दहापट झाला की पंखावरची उचल वेगाच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट वाढते. तरंगताना लक्षातही न येणारा पीळ किंवा तिरपेपणा वर जाताना शंभर पटीने अंगावर येतो. कोलांटी कुठल्या बाजूला होते ते आधी नीट बघून ठेवा, कारण त्यावरच दोष कळतो.

पाठीकडे, म्हणजे पॉड असलेल्या बाजूकडे वळून उलटत असेल तर पंख आणि शेपटीचा आडवा पंख यांच्यातला कोन जास्त आहे. पुष्कळ जण नाक जड ठेवतात आणि ते सावरायला शेपटीची मागची कड वर वाकवतात. हाताने सोडताना हे जमून जातं, मोटारीवर हमखास फसतं. याचा उपाय उलटा आहे. शेपूट सरळ करा, पंख आणि शेपटीचा आडवा पंख यांच्यातला कोन एक अंशाच्या आसपास आणा आणि नाकात वजनासाठी लावलेली क्ले (चिकणमातीसारखा लगदा) कमी करून तोल मागे घ्या. पॉड काढलेल्या ग्लायडरचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ४० ते ५० टक्के रुंदीवर यावा. पंख ८ सेंटिमीटर रुंद असेल तर ही जागा ३.२ ते ४ सेंटिमीटरवर येते. मोटारीसकट पॉड बसवल्यावर मात्र तोल पंखाच्या पुढच्या कडेपाशी किंवा तिच्याही पुढे गेला पाहिजे. दोन्ही वेळचा तोल दोन बोटांच्या टोकांवर तोलून बघा आणि पेन्सिलीने खूण करून ठेवा.

पोटाकडे वळत असेल तर पॉड फार उंचावर बसला आहे. मोटारीचा जोर तोलाच्या रेषेपेक्षा बराच वरून लागतो आणि नाक खाली दाबतो. पॉड ज्यावर उभा असतो तो खांब थोडा कापून बुटका करा. पण पंखाला घासेल इतका खाली आणू नका.

गिरक्या घेत वर जात असेल तर पंखाला पीळ आहे. ग्लायडर मागून डोळ्यासमोर धरा, एक डोळा मिटा आणि दोन्ही बाजूंना पंखाची मागची कड पुढच्या कडेच्या तुलनेत किती वर-खाली दिसते ते ताडून बघा. एक मिलिमीटरचा फरकही पुरे होतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर घरात ठेवलेला बाल्सा, म्हणजे पंखाचं हलकं लाकूड, हमखास वाकतो. जूनआधी डोपचे, म्हणजे मॉडेलच्या लाकडाला लावायच्या वॉर्निशसारख्या द्रवाचे, दोन पातळ हात देऊन ठेवले तर दमट हवा कमी लागते. पीळ काढायला किटलीच्या वाफेवर पंख काही सेकंद धरा, उलट्या दिशेला थोडा जास्तच पिळा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा.

हे सगळं करून पहिलं उड्डाण 'ए८-३' या कमी ताकदीच्या मोटारीवर करा. ते सरळ गेलं तरच 'बी' घाला.

प्रश्न : हाताने सोडून जुळवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (गृहिणी, चिकोडी, मुलासाठी किट आणलंय)

वारा नसलेल्या सकाळी, गुडघाभर गवत असलेल्या जागी जा. पॉड काढून ठेवा. ग्लायडर तोलाच्या जागेखाली दांडीला (पंख आणि शेपूट जोडणाऱ्या मधल्या काठीला) धरून खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून, समोर हलकेच सोडा. फेकायचं नाही. नाक वर करून, थबकून, आपटत खाली येत असेल तर नाकाला क्ले लावा, एका वेळी ज्वारीच्या दाण्याएवढीच. सरळ खाली सूर मारत असेल तर क्ले काढा. दर वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

सरळ जायला लागला की वळण द्या, म्हणजे वर गेल्यावर तो गोल घिरट्या घालत आसपासच उतरेल. यासाठी शेपटीचा उभा पंख वाकवू नका, मोटारीच्या वेगात तो घात करतो. मागून बघताना शेपटीचा आडवा पंख दोन-तीन अंश तिरका बसवा. ज्या बाजूचं टोक वर, त्या बाजूला ग्लायडर वळतो. जोडताना हे राहून गेलं असेल तर वळायच्या बाजूच्या पंखाच्या टोकाला किंचित क्ले लावा. वीस-तीस मीटर व्यासाची घिरटी पुरे.

प्रश्न : पॉड सुटला, पण फीत शेपटीत अडकून दोन्ही एकत्र खाली आले. असं परत होऊ नये म्हणून काय करावं? (विद्यार्थी, खानापूर तालुका)

पॉड मागे निसटतो तेव्हा त्याच्या वाटेत शेपूटच येते, म्हणून हा दोष पुष्कळांना भोवतो. पॉडचं टोक धरणारी दोरी ३० सेंटिमीटरहून लांब ठेवू नका. लांब दोरीचा फास बनतो. फीत अडीच सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब असली की पॉडला पुरते. ती घट्ट गुंडाळा आणि तिच्या मागे न पेटणाऱ्या कागदाचे दोन-तीन बोळे सैल भरा, नाहीतर फीत वितळून गोळा होते आणि बाहेरच येत नाही. सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेपटीचा आडवा पंख दांडीला मिळतो तो कोपरा. तिथे दोरा अडकायला आयती खोबण असते. फेविकॉल बोटाने ओढून तो कोपरा गोल करा. शेपटीची पुढची कड मागे झुकती असेल तर दोरा तिच्यावरून घसरून जातो.

प्रश्न : पंख मोडला. बेळगावात बाल्सा मिळाला नाही. बाशिंगाचं भेंड किंवा सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा चालेल का? (सुतारकाम करणारे वाचक, खानापूर)

भेंड पंखाला चालणार नाही. वजनाला ते हलकं आहे, पण त्यात लांब धागा नाही. मोटारीच्या वेगात पंख मुळापाशी तुटेल. पांगारा घट्ट आहे, पण चांगल्या बाल्सापेक्षा बराच जड. पॉडचं टोक कातायला मात्र तो उत्तम. पंखासाठी बाल्साच मागवा आणि पाटी वजन करून निवडा. ३ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद, ९१५ मिलिमीटर लांब पाटी २१ ते २७ ग्रॅम भरली तर पंखाला योग्य. त्याहून हलकी पाटी वर जाताना फडफडते, ३३ ग्रॅमच्या पुढची दांडीसाठी राखून ठेवा. सराफाच्या काट्यावर हे वजन मिनिटभरात होतं.

धागा पंखाच्या लांबीला धरूनच कापा. खालची बाजू सपाट ठेवा, वरची घासून फुगीर करा. सगळ्यात जाड भाग पुढून ३० टक्क्यांवर. पुढची कड गोल, मागची एक मिलिमीटरपर्यंत पातळ. ४० सेंटिमीटरच्या पंखाला मध्ये सांधा देताना अर्धा भाग टेबलावर सपाट दाबून दुसऱ्या अर्ध्याचं टोक ६ सेंटिमीटर उचला. सांध्याला फेविकॉल दोनदा लावायचा. पहिला हात लावून जोडा, सोडवा, सुकू द्या. मग दुसरा हात लावून कायमचं जोडा. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, पकड दुसऱ्याने येते.

प्रश्न : मोटारी मिळत नाहीत. दिवाळीतला बाण पॉडमध्ये बसवला तर? (तीन पत्रांत हाच प्रश्न)

अजिबात नाही. बाणाचा जोर किती, तो किती वेळ जळेल, शेवटी किती जोराने फुटेल यातलं काहीच ठरलेलं नसतं. त्याला सरळ ठेवते ती त्याची काठी, आणि ती तर तुम्ही काढलेली असते. तो हातात किंवा चेहऱ्यासमोर फुटू शकतो. घरी दारू भरून मोटार बनवण्याचा विचारही करू नका. मॉडेल मोटारीतलं जळण हे स्फोटक आहे, त्याला १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे नियम लागू होतात. परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय नागपूरला आहे. बाहेरून मागवायची तर परवानगीची चौकशी तिथे करूनच, आणि टपालातून कधीही नाही.

मोटार येईपर्यंत किट पडून राहायला नको. तोच ग्लायडर पॉड न लावता रबराने उडवा. १५ सेंटिमीटरच्या काठीला ६ मिलिमीटर रुंद रबराचं सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचं कडं बांधा. ग्लायडरच्या नाकामागे तीनेक सेंटिमीटरवर दांडीच्या खालच्या बाजूला मागे झुकलेला तारेचा आकडा बसवा. काठी डाव्या हातात, शेपूट उजव्या चिमटीत. पंख ४५ अंश उजवीकडे कलता ठेवून वर सोडा. ग्लायडर डावीकडे वळायला जुळवलेला असेल तर वर पोचून आपोआप सरळ होतो. आधी रबर अर्धंच ताणा. पंख नीट जुळवायला शिकायचं असेल तर हीच वाट बरी, कारण सकाळभर कितीही उड्डाणं करता येतात.

प्रश्न : आमच्या शेतात उडवलं तर चालेल का? ऊस नुकताच तोडलाय. (शेतकरी, निपाणी)

पाचट उचललं नसेल तर नको. मोटारीची ठिणगी वाळक्या पाचटात पडली तर शेजारचा उभा ऊसही हाती लागणार नाही. भात कापलेलं रान, ओलं गवत किंवा नांगरलेली जमीन बरी. मॉडेल ज्या उभ्या सळईवरून सुटतं तिच्याखाली पत्र्याचा तुकडा ठेवा आणि दोन घागरी पाणी, ओलं पोतं जवळ ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी आठच्या आत हवा स्थिर असते, तीच वेळ धरा. मैदान किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. ६० मीटर उंचीवरून सेकंदाला एक मीटर उतरणारा ग्लायडर मिनिटभर हवेत राहतो. वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर तो १८० मीटर वाहत जातो. सांबऱ्याच्या विमानतळाच्या आणि हवाई दलाच्या तळाच्या परिसरात उडवूच नका, आणि इतरत्रही पोलीस ठाण्याला आधी कळवा.

ग्लायडर पॉडला लटकून शेपूट खाली राहते, म्हणून सळईवर ३५ ते ४० सेंटिमीटर उंचीवर टेपचे वेढे देऊन तिथे पॉडची नळी टेकवा. ९० सेंटिमीटरची सळई मग अपुरी पडते, सव्वा मीटरची घ्या. मोटार पेटवणाऱ्या तारेचं बटण ५ मीटरवरून दाबा. मोटार पेटली नाही तर बटणाची सुरक्षा चावी काढा आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जाऊ नका.

प्रश्न : पॉड विजेच्या तारेवर अडकलाय. बांबूने काढू का? (विद्यार्थी, बेळगाव तालुका)

नाही. ओला बांबू वीज खेचतो, आणि कोरडा दिसणाराही आतून ओला असू शकतो. हेस्कॉम या वीज कंपनीच्या जवळच्या कार्यालयात सांगा, त्यांना काढता आला तर ठीक. नाहीतर पॉड सोडून द्या. एक नळी, एक टोक आणि अर्धा दिवस लावला की नवा होतो.