व्हेनेटोक्लॅक्स : २० मिलिग्रॅमपासूनच सुरुवात का?

प्रश्न : वडिलांना सीएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. आता व्हेनेटोक्लॅक्स सुरू होणार. ही गोळी दोन प्रथिनांची जोडी तोडते म्हणतात, ते कसं? आणि ४०० मिलिग्रॅमपर्यंत जायचंच आहे, तर पहिल्या आठवड्यात २०च का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बिघडलेल्या पेशीला मारण्याचं काम बिम, बॅक्स ही प्रथिनं करतात. बीसीएल-२ हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं. त्याच्या पृष्ठभागावर लांबट खाच असते, तिच्यात बिमचा पिळदार तुकडा अडकतो. सीएलएलच्या पेशींत बीसीएल-२ भरमसाट, त्यामुळे त्या मरायचं नाव घेत नाहीत. व्हेनेटोक्लॅक्स त्या खाचेत ठाण मांडतं. बिम सुटतं, बॅक्स मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराला, भोकं पाडतं आणि पेशी संपते.

आधीचं औषध नॅव्हिटोक्लॅक्स हे बीसीएल-एक्सएल या भावंड-प्रथिनालाही अडवायचं. प्लेटलेट जगतात त्याच प्रथिनावर, म्हणून त्या धडाधड उतरायच्या. रेणू बदलून ती अडचण काढली. व्हेनेटोक्लॅक्सला अमेरिकेत २०१६ साली मंजुरी मिळाली.

२०चं कारण असं, की औषध फारच लागू पडतं. पेशी एकदम फुटल्या तर पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात उसळतं. किडनी बंद पडू शकते, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून दर आठवड्याला पायरी चढायची : २०, ५०, १००, २००, ४००. २० आणि ५०च्या पहिल्या गोळीनंतर ६ ते ८ तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी रक्त तपासतात. गोळी सकाळी घ्या, म्हणजे दुपारी लॅब उघडी सापडते. रक्त शक्यतो लॅबमध्येच द्या. घरी काढलेला नमुना उन्हात, स्कूटरवर हिंदकळत गेला तर सीएलएलच्या नाजूक पेशी नळीतच फुटतात आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं.

पहिल्या गोळीच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटी गोळी नीट शोषली जात नाही. कडक भाकरी-शेंगाचटणी चालेल, नुसता चहा नाही. एकादशीलाही पोटात काही हवंच. गोळी न चावता गिळायची. विसरली तर ८ तासांच्या आत घ्या, नाहीतर थेट दुसऱ्या दिवशी. उलटी झाली तरी त्या दिवशी दुसरी नको.

पपनस, ग्रेपफ्रूट, कमरख बंद. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते नायट्यावरच्या इट्राकोनॅझोलला आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला. दोन्ही यकृतातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात, मग २०ची गोळी कितीतरी मोठ्या डोससारखी वागते. डोस वाढवण्याच्या काळात ती चालतच नाहीत. मेडिकलवाल्याला आणि त्वचेच्या डॉक्टरांना व्हेनेटोक्लॅक्सची चिठ्ठी आधी दाखवा.