आकडा आणि आग्रह

प्रिय बाळा,

रात्री पावणेबाराला पाठवलेलं तुझं पत्र सकाळी उठल्यावर वाचलं आणि पुन्हा दोनदा वाचलं. अंगणवाडीच्या ओट्यावर आईच्या मांडीत बसलेली सव्वा वर्षाची मुलगी, तिच्या डाव्या दंडाभोवती कुपोषण मोजायची फीत आणि फितीच्या खिडकीत ११.६ सेंटीमीटर. रेष ११.५ ची, त्याखाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. तुला दिसतंय की मुलगी मलूल आहे, आई सांगते की चार दिवस धड खात नाही, आणि फीत सांगते की ही पिवळ्यात आहे, लालमध्ये नाही. म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात भरती नाही. तू ११.४ लिहायला पेन टेकवलंस आणि थांबलास. मग मला विचारलंस, ‘मॅडम, कॉलेजात शिकलो की व्हॅल्यू म्हणजे चलाला मिळालेली किंमत. शाळेत परिपाठाला शिकलो की मूल्य म्हणजे ज्याच्यासाठी आपण उभं राहायचं. या मुलीच्या रकान्यात कुठलं मूल्य लिहू?’

तू प्रामाणिक आहेस, हे तुला सांगत बसत नाही. नसतास तर ११.४ लिहून झोपला असतास.

११.६ लिही.

तुझ्या शाळेच्या भिंतीवर ती दहा मूल्यं रंगवलेली असतील. संवेदनशीलता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन दोन्ही त्याच यादीत. तुला वाटतंय की आज ती दोघं भांडतायत. ती भांडत नाहीयेत. तू त्यांना एकाच रकान्यात कोंबतोयस म्हणून धक्काबुक्की चाललीय. संख्याशास्त्रातलं मूल्य म्हणजे आकडा. तो तुझ्या इच्छेनं हलत नाही आणि हलता कामा नये. नीतीतलं मूल्य म्हणजे आग्रह, ‘असं असायला हवं’ हा. आकड्याच्या रकान्यात आग्रह लिहायचा नाही. आग्रह सोड असं मी म्हणत नाही. त्याची जागा दुसरी आहे, एवढंच म्हणतेय.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. १९८४ साली मी तुझ्याच वयाची होते आणि अशाच एका पाहणीत वजनं घेत होते. तेव्हा दंडाची फीत नव्हती आमच्याकडे. वाशाला टांगलेला साल्टरचा काटा, त्याला कापडी चड्डी अडकवलेली, चड्डीत पाय झाडत रडणारं पोर. काटा सारखा हलत असतो. त्या हलण्यात तीनशे ग्रॅम कुठंही लपवता येतात, आणि मी ते लपवले. दोन वर्षांचं पोर ७.७ किलो भरलं, मी ७.४ लिहिलं. वयाच्या मानानं जेवढं वजन हवं त्याच्या साठ टक्क्यांच्या वर असलं तर कुपोषणाची श्रेणी दोन, साठ किंवा खाली उतरलं तर श्रेणी तीन, आणि श्रेणी तीनला दुप्पट आहार. तीनशे ग्रॅम खोडले की पोराला दुप्पट खायला मिळतं, मग का नाही खोडायचे? अशी २३ मुलं मी श्रेणी तीनमध्ये ढकलली. त्या रात्री मला शांत झोप लागली, हे मी चाळीस वर्षांनीही विसरलेले नाही.

वर्षानं दुसरी फेरी झाली. ती दुसऱ्या लोकांनी केली आणि चोख केली. माझी २३ मुलं जिथं होती तिथंच होती, बासष्ट-त्रेसष्ट टक्क्यांवर. पण कागदावर ती श्रेणी तीनमधून श्रेणी दोनमध्ये ‘आली’ होती. अहवालात लक्षणीय सुधारणा. सुधारणा झाली म्हणून त्या पाड्यांवरचा जादा आहार बंद. जी खरोखर श्रेणी तीनमध्ये होती, त्यांचाही. पावसाळ्यात मी तिथं गेले तेव्हा एका बाईनं दारातूनच विचारलं, ‘तुमीच लिवलं ना, पोरं सुधारली म्हणून?’ मी काही बोलले नाही. सुधारली असं मी लिहिलं नव्हतं. आधी ती जास्त वाईट होती, असं लिहिलं होतं. तिला यातला फरक समजावण्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

म्हणून सांगते, आकड्याच्या रकान्यात आग्रह लिहायचा नाही. दयेपोटीसुद्धा नाही. दयेपोटी तर मुळीच नाही, कारण लबाडीनं केलेला फेरफार कुणीतरी शोधतं, दयेनं केलेला कुणी शोधत नाही.

तुझ्या बाबतीत मात्र तोही सापडेल. पाचशे मुलांचे दंडघेर आलेखावर मांडले तर चढउतार साधारण सलग दिसायला हवा. तुझ्यासारख्या दहा भल्या पोरांनी ११.६ चे ११.४ केले की रेषेच्या अलीकडे उंचवटा येतो आणि पलीकडे खड्डा पडतो. कार्यालयात बसलेल्या माणसाला तो खड्डा दिसला की तो फक्त तुमचे ते आकडे टाकत नाही, पाचशेच्या पाचशे टाकतो. त्यात ज्या पोराचा दंड खरोखर १०.२ आहे, तेही जातं. तुझ्या सहृदयतेची किंमत त्यानं का भरायची?

तुझ्या पत्रात मला खटकलेली एक गोष्ट आहे. तू लिहितोस, ‘शेवटी सगळं आकड्यावरच ठरतं.’ नाही रे. आकड्यावर काही ठरत नसतं, रेषेवर ठरतं. आणि रेष माणसं ओढतात. ही ११.५ ची रेष आकाशातून पडलेली नाही. आधी ती ११.० होती. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं ती ११.५ वर नेली. ११.२ सेंटीमीटर दंडाचं मूल आदल्या दिवशी ‘तीव्र’ नव्हतं, दुसऱ्या दिवशी झालं. त्याचा दंड तेवढाच होता. बदलला तो माणसांचा निर्णय, की इतकी मुलं आपल्या हातून निसटता कामा नयेत. रेष कुठं ओढायची हे ठरवताना आकडे लागतातच, पण नुसत्या आकड्यांनी ती ओढली जात नाही. एक चांगलं पोसलेलं मूल चुकून यादीत आलं तर किती बिघडतं, आणि एक उपाशी मूल चुकून यादीबाहेर राहिलं तर किती, हा तोल संख्याशास्त्र तुला करून देत नाही. तो आग्रहाचा प्रांत आहे. तुमच्या पी-व्हॅल्यूचंही तेच, निष्कर्ष निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यायचा की नाही हे जिच्यावरून ठरवता ती. ०.०५ ही तिची सीमा संख्याशास्त्रज्ञ फिशरनं १९२५ साली सोयीची म्हणून सुचवली, आणि लोक ती देवानं घातलेली मर्यादा असल्यासारखी पाळतात.

आमच्या पिढीनं हा प्रश्न फार मोठ्या माणसांच्या वादात पाहिला. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली माणशी रोज २,२५० कॅलरी धरून गरिबीची रेषा काढली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे उभे राहिले आणि म्हणाले, सरासरी गरज ही सीमा कशी होईल? निरोगी माणसांतही कुणाला जास्त लागतं, कुणाला कमी, आणि एकाच माणसाचं खाणंही रोज सारखं नसतं. सरासरीच्या खाली आहे म्हणून तो उपाशी, असं म्हणता येणार नाही. सीमा सरासरीतून दोन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) वजा करून धरा. तशी धरली की उपाशी माणसांची संख्या एकदम खाली येते. मी तेव्हा सुखात्म्यांवर फार चिडले होते. भुकेला वजाबाकीत उडवलं, असं तावातावानं बोलायचे. आज वाटतं, सरासरीबद्दलचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि दांडेकरांच्या बाजूचा संतापही बरोबर होता. सरासरी म्हणजे काय, हा आकड्याचा प्रश्न. शंकेचा फायदा कुणाला द्यायचा, भुकेल्याला की तिजोरीला, हा आग्रहाचा. पण भांडण उघड्यावर झालं. कोण कुठली रेष ओढतोय, का ओढतोय, हे छापून आलं, खोडून काढता आलं. कुणी गुपचूप कॅलरी बदलून लिहिल्या नाहीत. तू जे करायला निघाला होतास ते त्याच्या नेमकं उलट आहे. रेष न हलवता मुलगी हलवायची.

आता या मुलीचं काय, हे विचारशीलच. हातात आहे ते नीट वापरलंस का? तिचा दंड मोजताना खांदा आणि कोपर यांचा मध्य खूण करून घेतलास की अंदाजानं? फीत सैल होती का? घट्ट ओढली की कातडीला सुरकुती पडते आणि दोन मिलिमीटर कमी येतात, सैल ठेवली की वाढतात. पुन्हा मोज, आणि यावेळी हवा तो आकडा मनात न धरता मोज. पुन्हा ११.६ आला तर ११.६. मग तिचं वजन-उंची घे. उंचीच्या मानानं वजन उणे तीन प्रमाण विचलनांच्या खाली असेल तर ती सॅममध्येच, म्हणजे तीव्र कुपोषितांतच आहे, दंड काहीही म्हणो. आणि दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून बघ. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ती सूज आहे, आणि मग बाकी काही बघायची गरज नाही, तिला त्याच दिवशी न्यायचं. मलूल आहे, चार दिवस खात नाही, हे ‘शेरा’ या रकान्यात लिही. पूर्ण वाक्यात लिही, तारीख घालून सही कर. तो रकाना तुझ्या आग्रहासाठीच छापलेला असतो आणि तुम्ही पोरं तिथं ‘निरंक’ लिहून येता, याचा मला मनापासून राग येतो. शेरा लिहून गप्प बसू नकोस. आईला घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभा राहा. ते नाही म्हणाले तर का नाही ते लिहून माग.

यात दिवस मोडतो हे मला माहीत आहे. ११.४ लिहायला दोन सेकंद लागतात. पण ‘सगळेच असं करतात’ हे मला पुन्हा लिहू नकोस. सगळ्यांत मीही होते.

पुढं माझ्यावर उलट बाजूनं दबाव आला. मुलं कमी दाखवा, तालुक्याचं नाव खराब होतंय. मी एक आकडा हलवला नाही आणि माझी बदली झाली, मग पुन्हा झाली. घरी म्हणाले, हट्टी आहेस. सहकारी म्हणाले, हिला माणसांपेक्षा कागद प्यारा. हे बोलणं मला अजून लागतं. मी कागदासाठी नाही केलं ते. एकदा माणसांसाठी कागद वाकवून बघितला होता, आणि माणसंच वाकली होती. ते कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुला सांगितलं.

पत्र लांबलं. मुलीचे पाय तपासलेस का? उत्तर नंतर लिही, तेवढं आज कळव.

तुझी
मॅडम