नवा गालिचा आणि त्यावरची रसायनं: आधी एवढंच बघा

नवा लोकरी गालिचा घेताय आणि घरात रांगतं बाळ नि मांजर आहे, तर आधी मांजराचं. लोकरीला कसर लागू नये म्हणून परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरतात. माणसाला त्याचा त्रास कमी, पण मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. दाट द्रावण अंगाला लागलं तर झटके येतात, जीवही जातो. कारखान्यात धाग्यात मुरवलेलं प्रमाण फार कमी असतं, ते वेगळं. घरी फवारा मारू नका, बस्स.

डांबरगोळ्याही गालिच्याखाली नकोत. त्यांतल्या नॅफ्थलिनची वाफ खोलीभर पसरते, आणि जी-६-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एक विकर) याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. कसरीची अळी अंधारात, सोफ्याखाली वाढते. तिथे दर आठवड्याला व्हॅक्यूम आणि महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंना ऊन द्या, तेवढं पुरतं.

‘डाग धरत नाही’ असं लेबल असेल तर ‘पीएफएएस आहे का?’ असं दुकानदाराला थेट विचारा. पीएफएएस म्हणजे डाग आणि पाणी धरू न देणारी फ्लोरीनयुक्त रसायनं. ही रसायनं मोडत नाहीत, झिजून धुळीत उतरतात.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- शाम्पू जास्त ओततात. उरलेला साबण मळ धरतो, बाळाच्या हातातोंडाशी जातो. सांगितल्याच्या निम्माच घ्या, साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसा.
- लोकरीवर ब्लीच. लोकर विरघळते, वर व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो.
- ओला गालिचा अंथरणं. चोवीस तासांत वाळला नाही तर बुरशी. पावसाळ्यात धुणं टाळाच.

रंग पक्का करणं वगैरे नंतर बघू.