चोरून उघडलेलं इन्स्टाग्राम सापडलं, आता फोन काढून घ्यायचा का?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन-चार गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, म्हणून मला समजलं ते आधी लिहिते. मुलगी आठवीत, १३ पूर्ण. आजीच्या फोनवर तिने गुपचूप इन्स्टाग्राम उघडलं, जन्मसाल २००१ टाकलं. चुलतबहिणीने सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. मिस्टरांचं म्हणणं, स्मार्टफोन बंद, बटणांचा साधा फोन आणून देऊ. तुम्हाला असं अ‍ॅप हवंय ज्यातून तिचे मेसेज तिच्या नकळत वाचता येतील. मी शाळेत समुपदेशक आहे, असे प्रसंग वरचेवर समोर येतात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

घाईचं काम एकच आहे: ते जन्मसाल. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये अठराच्या आतल्या मुलांसाठी ‘टीन अकाउंट’ आणलं, भारतात ते फेब्रुवारी २०२५ पासून आलं. वय खरं सांगितलं असेल तर खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, ओळखीबाहेरचा माणूस थेट मेसेज टाकू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प असतात आणि दिवसाचा तास भरला की ‘आता पुरे’ अशी सूचना येते. सोळाच्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं असेल तर आईवडिलांची परवानगी लागते. तुमच्या लेकीला यातलं काहीच मिळालेलं नाही. कंपनीच्या लेखी ती चोविशी-पंचविशीची बाई आहे. तिला तशाच रील्स दाखवल्या जातात आणि कुणीही तिला मेसेजची रिक्वेस्ट पाठवू शकतो. मुलांना वाटतं आपण कंपनीला फसवलं. प्रत्यक्षात स्वतःवरचं पांघरूण स्वतःच फेकून दिलेलं असतं.

म्हणून ते खातं बंद करून खऱ्या जन्मतारखेने नवं उघडा. पण बंद करण्याआधी तिच्या शेजारी बसून मेसेज रिक्वेस्ट आणि फॉलोअर्सची यादी एकदा खालपर्यंत पाहा. ‘पाहते’ म्हणून फोन हिसकावू नका, तिलाच स्क्रोल करू द्या. कुणी अनोळखी माणूस फोटो मागत असेल, धमकावत असेल, तर खातं अजिबात डिलीट करू नका, तो पुरावा आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय. तसं काही नसेल तर नवं खातं आजीच्या नव्हे, तुमच्या डोळ्यांसमोर असणाऱ्या फोनवर उघडा आणि ‘फॅमिली सेंटर’ या इन्स्टाग्रामच्याच पालकांसाठीच्या सोयीतून तुमच्या खात्याशी जोडा. त्यात तिने गेल्या ७ दिवसांत कुणाकुणाला मेसेज केले ती नावं दिसतात, मजकूर दिसत नाही. वेळेची मर्यादाही तिथूनच घालता येते. तेराव्या वर्षी एवढं पुरे असं माझं मत.

‘तेराव्या वर्षी खातं हवंच कशाला?’ हा मिस्टरांचा प्रश्न मात्र रास्त आहे. १३ हा आकडा कुठल्याही बालरोगतज्ज्ञाने ठरवलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली मुलांची माहिती गोळा करण्यावर कायदा झाला, त्यात १३ ची रेषा होती, कंपन्यांनी तीच उचलली. तेरा पूर्ण झाली म्हणजे मूल तयार झालं असं काही नाही. तुमची धाकटी पाचवीत आहे ना, तिच्या बाबतीत दहावीपर्यंत थांबता आलं तर जरूर थांबा. थोरलीचं खातं मात्र एकदा उघडून झालंय. आता पूर्ण बंदी घातली तर पुढचं खातं मैत्रिणीच्या फोनवर निघेल आणि त्याची चाहूल चुलतबहिणीलाही लागणार नाही.

आता त्या गुपचूप वाचणाऱ्या अ‍ॅपबद्दल. टाकू नका. असल्या अ‍ॅपना फोनमधल्या झाडून सगळ्या परवानग्या लागतात. तुमच्या मुलीचे मेसेज आणि फोटो कुठल्या सर्व्हरवर जाऊन पडतात हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणजे अनोळखी माणसापासून तिला वाचवायला आपणच तिची सगळी खाजगी माहिती अनोळखी माणसाच्या हवाली करायची. आणि ते सापडतंच. सापडलं की ती तुम्हाला काही सांगणं बंद करते, कारण तुम्हाला सगळं माहीतच आहे असं ती धरून चालते. देखरेख हवीच असेल तर अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक पुरेसं आहे. नवं अ‍ॅप घ्यायला तुमची मंजुरी, झोपेच्या वेळी फोन लॉक, एवढं त्यात होतं, मेसेज वाचले जात नाहीत. मुख्य म्हणजे ते चालू आहे हे मुलीला दिसतं. लपवाछपवी नाही.

माझ्या लेखी खरा मुद्दा पुढे आहे. तुमच्या घरात ‘फोन काढून घेईन’ ही धमकी किती वेळा दिली जाते? बहुतेक घरांत रोज. मार्क कमी पडले, उलट बोलली, भाजी खाल्ली नाही, सगळ्यावर एकच शिक्षा. त्याने होतं असं की ज्या दिवशी फोनमध्ये खरंच काही भयंकर घडतं, त्या दिवशी मूल आईकडे येत नाही. मुलांशी बोलताना ‘घरी का नाही सांगितलंस’ असं विचारलं की सगळ्यांत जास्त ऐकू येणारं उत्तर ‘आई रागावेल’ हे नसतं. ‘आई फोन घेईल’ हे असतं.

आणि नेमक्या याच भीतीवर ब्लॅकमेल करणाऱ्यांचा धंदा चालतो. पद्धत ठरलेली असते. समवयस्क मुलाचं किंवा मुलीचं वाटेल असं खातं, त्याला वर्गातल्याच चार-पाच जणांनी फॉलो केलेलं, त्यामुळे ओळखीचं वाटतं. गोड गप्पा, मग ‘इथे नको, स्नॅपचॅटवर ये’ किंवा ‘टेलिग्रामवर ये’. मग एक फोटो, किंवा स्क्रीन रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कॉल. त्यानंतर काही मिनिटांतच तिच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो: या सगळ्यांना पाठवू का? हा प्रकार फक्त मुलींच्या बाबतीत होतो हा गैरसमज आहे. पैशांसाठीच्या ब्लॅकमेलमध्ये मुलगे जास्त सापडतात. अमेरिकेच्या एफबीआयने १४ ते १७ वयाच्या मुलग्यांबद्दल वारंवार इशारे दिलेत, काहींनी यात जीवही दिलाय. भाच्याच्या, पुतण्याच्या आईलाही हे सांगा. हल्ली तर फोटो पाठवायचीही गरज उरलेली नाही, गॅदरिंगमधला चेहरा उचलून नग्न फोटो बनवता येतो.

म्हणून घरात एक गोष्ट स्पष्ट शब्दांत बोला, दोघांनी मिळून, मिस्टरांसकट: ‘फोनमधली कुठलीही भानगड तू येऊन सांगितलीस, तर त्यासाठी फोन जाणार नाही. चूक तुझी असली तरी.’ आणि मग ते पाळा. बाकी शिक्षा असंख्य आहेत, ही एक यादीतून काढून टाका.

असं काही खरंच घडलं तर काय करायचं, हे आत्ताच वाचून ठेवा. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही. धमकीचे मेसेज, समोरच्याचं प्रोफाइल, युजरनेम, नंबर, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी, यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच रिपोर्ट करून ब्लॉक करायचं. तो नग्न फोटो मात्र पुरावा म्हणूनसुद्धा काकाला, मामाला, वकील मित्राला फॉरवर्ड करू नका. लहान मुलांचं असं चित्र जमवणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे, आणि घाबरलेले नातेवाईकच तो आणखी पसरवतात. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांसाठी तिथे नाव न देता तक्रार करायचीही सोय आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. याशिवाय ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली एनसीएमईसी ही संस्था ती चालवते. अठराच्या आत असताना काढलेल्या फोटोचा एक डिजिटल ठसा तुमच्याच फोनवर तयार होतो, फोटो बाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या आत फिरणाऱ्या फोटोला मात्र तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, त्यामुळे पालक पोलिसांकडे जायला कचरतात. बलात्कारापासून अश्लील मेसेजपर्यंत मुलांवरचे लैंगिक गुन्हे पोक्सो कायद्यात येतात आणि त्यातल्या कलम २४ प्रमाणे मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. कलम २३ प्रमाणे तिची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. ठाण्यात कुणी ‘कशाला बदनामी करून घेता’ असं समजावू लागलं तर ही दोन कलमं नम्रपणे, पण नावानिशी सांगायची.

मिस्टरांनी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण दिलंय. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही हे खरं. पण त्यात दंड कंपन्यांना आहे, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना काहीही शिक्षा नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅप त्या बंदीत नाही. आपल्याकडच्या आठवीतल्या मुलींचं निम्मं जग तर तिथेच आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण बालक धरलाय, पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं पुढे टप्प्याने लागू व्हायची आहेत. सरकार करेल तेव्हा करेल, तोवर मुलगी दहावीला पोचलेली असेल.

व्हॉट्सअ‍ॅपचं मी मुद्दाम लिहितेय, कारण पालकांना भीती असते परक्या माणसाची आणि माझ्याकडे येणारी रडारड बहुतांशी वर्गातल्याच ग्रुपची असते. कुणाच्या तरी बेसावध फोटोचा स्टिकर बनवायचा आणि ती काही बोलली की तोच टाकायचा. एकीला सोडून बाकी सगळ्यांचा दुसरा ग्रुप काढायचा. रात्री साडेअकराला ‘ती कशी दिसत होती’ यावर मतदान. यात बाहेरचा कुणी नाही, बंदी घालण्यासारखं अ‍ॅप नाही, आणि वहीचे फोटो याच ग्रुपवर येतात म्हणून बाहेरही पडता येत नाही. साध्या फोनने मुलगी यातून सुटत नाही; तिच्याबद्दल काय बोललं जातं ते तिला फक्त दुसऱ्या दिवशी शाळेत कळतं. सेटिंगमध्ये दोन बदल करा: ग्रुपमध्ये कोण घालू शकतं तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’, आणि प्रोफाइल फोटोलाही तेच. पण स्टिकरवर उपाय सेटिंगमध्ये नाही. तो वर्गशिक्षिकेकडे आहे, आणि तुमची मुलगी स्टिकर बनवणाऱ्यांत असू शकते हेही मनात ठेवून विचारा.

रात्रीचं थोडक्यात: सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. सगळ्यांचे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली, त्यात मालिका बघणारे मोठेही आलेच. बाबांनी सोफ्यावर क्रिकेटच्या क्लिप बघत मुलीला ‘अभ्यास कर’ म्हटलं तर आठवीतली मुलगी काय समजायचं ते समजते.

आणि जाता जाता, थोडं टोचेल: मुलीचे गणवेशातले, शाळेचं नाव दिसणारे फोटो तुमच्या फेसबुकवर ‘पब्लिक’ असतील तर आज संध्याकाळी ते बंद करा. तिचे फोटो टाकण्याआधी तिला विचारायची सवय लावली तर दुसऱ्यांचे फोटो टाकण्याआधी विचारायला ती आपसूक शिकते.

झोप उडालीय, जेवण कमी झालंय, शाळेला जायचं नाव काढलं की पोटात दुखतंय, ग्रुप उघडताना हात थरथरतोय, असं आठवडाभर दिसलं तर तो सोशल मीडियाचा प्रश्न म्हणून बघू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

वर्गशिक्षिकेला भेटणार असाल तर मुलींची नावं घेऊन तक्रार करू नका, त्याची शिक्षा दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर तुमच्या लेकीला मिळते. एवढीच मागणी करा: गृहपाठ फक्त शिक्षक मेसेज टाकू शकतील अशा ग्रुपवर यावा. मग तुमच्या मुलीला दुसऱ्या ग्रुपमधून बाहेर पडायला निदान एक सबब मिळेल. फॅमिली सेंटरमध्ये खातं जोडताना कुठे अडलात तर दोन्ही फोनचं मॉडेल इथेच लिहा, मी रात्री बघते.