ट्रस्टी दाद देत नसतील तर आधी पैसे नव्हे, हिशेब माग

आजोबांनी मृत्युपत्रात तुझ्यासाठी ट्रस्ट केला, एकविसाव्या वर्षी रक्कम तुझ्या हाती यायची होती, आता तुला तेविसावं लागलंय. दोन ट्रस्टींपैकी सीए फोन उचलत नाहीत आणि दुसरे काका म्हणतात, "मी आपला नावापुरता." तुझं हे सगळं वाचताना मला माझ्या भाच्याची फाईलच आठवली. वयाने बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. मी वकील नाही. भाच्यासाठी हे प्रकरण शेवटपर्यंत लावून धरलं, त्यातून जे समजलं तेवढंच सांगते. कागद एकदा वकिलाला दाखवच.

पॅन, केवायसी, वयाचा दाखला हे तू दिलेलं असणार, ते सोडते.

"पैसे कधी मिळतील?" हे विचारणं आता थांबव. त्यावर "काम चालू आहे" हे उत्तर त्यांना वर्षभर पुरतं. हिशेब माग, आणि तोही लेखी. भारतीय न्यास अधिनियम, 1882 च्या कलम 19 प्रमाणे ट्रस्टीने हिशेब चोख ठेवायचे आणि लाभार्थीने मागितल्यावर मालमत्ता किती आहे, कुठल्या स्थितीत आहे याची पूर्ण माहिती द्यायची. कलम 57 प्रमाणे ट्रस्टचा दस्त (तुझ्या बाबतीत मृत्युपत्र) आणि हिशेब बघून नकला घेण्याचा हक्क तुला आहे. पत्रात नेमकं लिही: बँक खात्यांचे उतारे, प्रत्येक ठेवीची तारीख आणि मुदत, कापलेला टीडीएस, कोणाला काय फी दिली. दस्तात तरतूद नसेल तर ट्रस्टीला मेहनताना घेण्याचा सहसा हक्क नसतो, म्हणून फीचा आकडा नक्की विचार.

ठेवींच्या मुदतीवर एवढा भर का देते ते सांगते. आमचा सगळ्यात जास्त छळ केला तो ट्रस्टी असलेल्या सीएंच्या ऑफिसने. नाव घेत नाही. समोरची बाई पत्र ठेवून घ्यायची, पण आमच्या प्रतीवर आवक शिक्का मारायची नाही. "साहेब आले की मारते." साहेब कधी आलेच नाहीत. दस्ताची प्रत मागितली तर "ते गोपनीय असतं." पुढे वकिलाच्या नोटिशीनंतर उतारे हाती आले, तेव्हा कळलं की भाच्याचं कॉलेजच्या फीसाठी पैसे मागणारं पत्र त्यांच्या टेबलावर पडून असतानाच मोठी ठेव मुदत संपून पुन्हा पाच वर्षांसाठी लावली होती. नूतनीकरणाच्या अर्जावर दोन्ही ट्रस्टींच्या सह्या! पोराने शैक्षणिक कर्ज काढलं, स्वतःचे पैसे शहरातल्याच बँकेत असताना. त्याचे हप्ते आजही त्याच्या पगारातून जातात. मला याचा राग अजून आहे आणि तो राहणार. कारण नसताना रक्कम द्यायला उशीर केला तर कलम 23 खाली ट्रस्टीकडून व्याज मागता येतं. न्यायालयाने वेगळं सांगितलं नाही तर सरळव्याज दर साल 6 टक्के. पहिल्याच पत्रात याचा उल्लेख कर.

हाती पत्र देऊच नकोस. रजिस्टर टपाल 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्ट कर, दोन्ही ट्रस्टींना वेगवेगळं. सोबत ईमेल.

आता ते काका. माझ्या मते तुझी खरी वाट त्यांच्याकडून जाते. कायद्याला नावापुरता ट्रस्टी माहीत नाही. एकदा पद स्वीकारलं की मनाला येईल तेव्हा अंग काढून घेता येत नाही, आणि दस्तात वेगळं काही नसेल तर सगळ्या ट्रस्टींनी मिळूनच कारभार करायचा असतो. दुसरा पैशाचं काय करतो याची चौकशीच केली नाही, तर कलम 26 खाली जबाबदारी त्यांच्यावरही येऊ शकते. हे त्यांना घरी जाऊन, शांतपणे, काकूंच्या समोर सांग. आमच्याकडचे दुसरे ट्रस्टी, तेही काकाच, अमेरिकेत मुलाकडे जाऊन राहिले होते. ट्रस्टी सलग 6 महिने भारताबाहेर असेल तर कलम 73 खाली त्याच्या जागी नवा ट्रस्टी नेमता येतो, हे कळल्यावर त्यांनी फोन केला.

धर्मादाय आयुक्तांकडे जा असं कोणीतरी तुला सुचवलंय. नको जाऊस. 1950 चा महाराष्ट्राचा कायदा सार्वजनिक ट्रस्टसाठी आहे, तुझा खाजगी आहे. पोलिसही बहुधा "दिवाणी बाब आहे" म्हणतील. अफरातफरीचा ठोस कागद हातात आला तर गोष्ट वेगळी. लवादाकडे (कोर्टाबाहेर पंचाकडून निवाडा) चला असं ट्रस्टींचा वकील म्हणाला, तर तुझ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल बघायला सांग: न्यास अधिनियमाखालचे ट्रस्टमधले वाद लवादाकडे जात नाहीत. जागा दिवाणी न्यायालयाची. तिथे वेळ लागतो, पण आमच्या बाबतीत नुसत्या नोटिशीनेच ऑफिसला जाग आली. सगळ्यांच्या बाबतीत तसं होईलच असं नाही.

मृत्युपत्रासाठी ट्रस्टींच्या पाया पडू नकोस. ते नोंदवलेलं असेल तर करणाऱ्याच्या मृत्यूनंतर दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल कोणालाही अर्ज करून मिळते. आजोबांचा मृत्यूचा दाखला सोबत ने.

नक्कल आली की रक्कम देण्याचं कलम नीट वाच. "एकविसाव्या वर्षी द्यावी" आणि "ट्रस्टींना योग्य वाटेल तेव्हा द्यावी" यांत फार फरक पडतो. लाभार्थी तू एकटीच आणि सज्ञान असशील, तर कलम 56 खाली मालमत्ता आपल्या नावे करून मागता येते. पण आजोबांनी तुझ्यामागे तुझ्या मुलांचंही नाव घातलं असेल तर गणित बदलतं. मृत्युपत्रातलं ते रक्कम देण्याचं कलम नावं झाकून इथे टाक, म्हणजे पत्राचा मसुदा करायला मला मदत करता येईल.