दिवाळीत 800 रुपयांत घर कसं सजवावं? भाड्याचं वन बीएचके आहे, भिंतीला खिळा मारायला मालकांची मनाई आहे

800 रुपयांत अख्खं घर सजवायला गेलात, तर प्रत्येक खोलीत थोडं थोडं काहीतरी लटकेल आणि नजरेत काहीच भरणार नाही. सगळे पैसे दार आणि गॅलरी इथेच लावा. साधारण वाटणी अशी: कंदील 250, पणत्या-तेल-वाती 150, झेंडू 150, रांगोळी आणि रंग 100, उरलेल्या 150 मध्ये एलईडीची एक माळ. गावागणिक भाव थोडे इकडेतिकडे होतील. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या वेली मात्र टाळा, पहिल्या वर्षी धूळ धरतात आणि दुसऱ्या वर्षी माळ्यावर जातात.

सगळ्यात जास्त परतावा कंदिलात आहे, म्हणून तो विकत आणू नका. बुरुडाकडून 3 मिमी जाडीच्या बांबूच्या कामट्या आणा. प्रत्येकी 22 सेंमीचे 24 तुकडे कापा आणि दोन्ही टोकांपासून 1 सेंमीवर पेन्सिलने खूण करा. बांधायचं खुणेवर, म्हणजे प्रत्येक बाजू नेमकी 20 सेंमी भरते. 16 तुकड्यांचे 4 चौकोन बांधा. हे चौकोन कोपऱ्यावर उभे धरून, शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधत गोल पूर्ण करा. आता वर 4 टोकं आणि खाली 4 टोकं मोकळी दिसतील. उरलेल्या 8 कामट्यांनी ती जोडली की वर एक चौकोन, खाली एक चौकोन आणि मधल्या जागांत आपोआप 8 त्रिकोण तयार होतात.

इथेच बहुतेकांचा कंदील बिघडतो. सगळ्या गाठी नीट असूनही सांगाडा डगमगतो, पिळला जातो, आणि लोक गाठी आणखी आवळत बसतात. दोष गाठींचा नसतो. चार समान बाजूंचा चौकोन गाठींवर कलू शकतोच. त्यासाठी उभ्या चारही चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखे दोन दोरे ताणा, प्रत्येक दोरा 28 सेंमी. दोन्ही दोरे सारखे झाले की चौकोन काटकोनात येतो आणि सांगाडा ताठ उभा राहतो. दोरा शिवणकामाचा पांढरा घ्या, सुतळीची सावली कागदावर पडते. वरच्या चौकोनात दोरा नको. तिथे 30 सेंमीची एक कामटी तिरकी बांधा, होल्डर तिलाच लटकवायचा आहे.

चिकटवायला खळ करा: दोन चमचे मैदा एक कप पाण्यात गाठी न होऊ देता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. खळ कामटीला लावा, कागदाला नको. पतंगाचा कागद ओला झाला की सुरकुततो आणि त्याचा रंगही सुटतो. कडेला 1 सेंमी दुमड धरून चौकोन 22 सेंमीचे कापा, त्रिकोणांची बाजू साडेतेवीस सेंमी ठेवा. 50 बाय 75 सेंमीच्या एका कागदात चारही चौकोन निघतात, दुसऱ्यात आठ त्रिकोण. तिसऱ्या कागदाचे 18 सेंमी रुंदीचे चार उभे तुकडे करा, वरचे 3 सेंमी सोडून कात्रीने बोटभर पट्ट्या काढा. या झिरमिळ्या खालच्या चार बाजूंना लावायच्या. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा. रंग निवडताना चौकोनांना पांढरा किंवा पिवळा घ्या, गडद रंग त्रिकोणांना. दुकानात जांभळा कागद सुंदर दिसतो, पण आत दिवा लागल्यावर तो उजेड गिळतो.

दिवा 5 ते 7 वॉटचा पिवळसर एलईडीच लावा. जुना 60 वॉटचा पिवळा दिवा कागदाच्या घरात धोक्याचा, तो फार तापतो. कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका. गॅलरीच्या गजाला सुतळीने बांधा, वायर तिच्या बाजूने सैल सोडा. परतीचा पाऊस लांबला तर पत्र्याच्या आडोशाखाली टांगा आणि वायरचा जोड घराच्या आत ठेवा.

नवीन पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पुसून सावलीत वाळवा. कोरडी माती तेल पिते, निम्मं तेल पणतीच्या बुडातून फरशीवर उतरतं. वात काठाबाहेर अर्धा सेंमीच राहू द्या. जास्त आली तर काजळी धरते. चकल्या तळून उरलेलं तेल दारातल्या पणत्यांना चालतं, पण फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर पिठाचे कण वातीत अडकून तडतडतात. (देवापुढच्या दिव्यात ते घालू नका, घरातली मोठी माणसं ओरडतील ते वेगळंच.) खिडकीत पडदा असेल तिथे पणती नको, तिथे ती एलईडीची माळ सोडा. यूएसबीवर चालणारी मिळाली तर मोबाइलच्या चार्जरवर लागते. दार-खिडकीच्या फटीत तिची वायर चेंगरू देऊ नका.

तोरणाला अर्धा किलो झेंडू पुरतो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी भाव चढलेला असतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच आणा. फुलं धुऊ नका, पिशवीत कोंबूही नका. पाणी आणि ऊब मिळाली की ती आतून कुजतात. कापडावर पसरून ठेवा. 90 सेंमीच्या दाराला सव्वा मीटर जाड दोरा, दाभणाने तीन फुलं, मग एक आंब्याचं पान, असं ओवत जा. पानं मात्र धुऊन कोरडी पुसलेली हवीत. खिळा नसला तरी दारावरच्या पडद्याच्या दांड्याला तोरण बांधता येतं. दुहेरी चिकटपट्टीच्या नादाला लागू नका, डिस्टेंपरचा पोपडा तिच्यासोबत निघतो आणि मालकांशी वाद नक्की.

गुळगुळीत फरशीवर रांगोळी सरकते आणि गेरू सांध्यांत शिरून बसतो. जुन्या खोक्याचा दोन फुटी पुठ्ठा घ्या, त्यावर गेरूचे दोन हात द्या आणि रांगोळी त्यावरच काढा. रंग नुसता वापरला तर पटकन संपतो. एक वाटी रंगात तीन वाट्या पांढरी रांगोळी मिसळा. हात सराईत नसेल तर सात ते चार ठिपक्यांपासून सुरुवात करा: मधल्या ओळीत 7, मग वर आणि खाली 6, 5, 4, एकूण 37 ठिपके. वर्तमानपत्रावर ही आखणी करून पेटत्या उदबत्तीने भोकं पाडा. त्यावरून रांगोळी पसरली की ठिपके एका फटक्यात उमटतात. कागद मात्र सरळ वर उचला, ओढलात तर सगळे ठिपके फरफटतील.

तुळशीचं लग्न झालं की कंदिलाचा कागद फाडून सांगाडा ठेवून द्या, पुढच्या दिवाळीला फक्त तीन कागद आणि वाटीभर खळ लागेल.